"फोर व्हील आहे, निघते" म्हणण्याआधी: कोणती लिव्हर, कुठं आणि कधी



आजचा मेसेज थोडा मोठा आहे. खोडकिड्याचा नाही, युरियाचाही नाही. गाडीचा आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, आणि घरात ट्रॅक्टर किंवा जीप जो चालवतो त्याला वाचून दाखवा.

मागच्या वर्षी पुनर्वसू नक्षत्रात मी आपल्याच एका सभासदाचे पऱ्हे पाहायला गेले होते. बोडीच्या खालची बांधी, कन्हार जमीन. भाड्याचा फोर व्हील ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून चिखलणी करत होता. कोपऱ्यात मागचं उजवं चाक जागेवरच फिरायला लागलं. ड्रायव्हर म्हणाला, "फोर व्हील आहे मॅडम, निघते." त्यानं रेस वाढवली. पाच मिनिटांत चाक अर्धं गाळात.

मग कुणीतरी एक ओंडका आणला. तो मागच्या चाकांना साखळीनं बांधला आणि पहिल्या गियरमध्ये क्लच सोडला. ओंडका अडला, चाकं फिरेनात, आणि ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं गेलं. पोरानं वेळेवर क्लच दाबला म्हणून तोंड परत खाली आपटलं. अर्धा क्षण उशीर झाला असता तर ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटा पडला असता. आम्ही सगळे धुऱ्यावर उभे होतो, कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी जेसीबीनं ओढून काढला. रोवणी पाच दिवस लांबली. आणि खरी गोष्ट पुढे आहे. त्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल होतं, अगदी त्याच्या टाचेजवळ. सुरुवातीलाच दाबलं असतं तर बहुतेक निघाला असता. ते पेडल कशाचं आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हा मेसेज.

*१) फोर व्हील म्हणजे एक बटण नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत*

पहिली: चारही चाकांना ताकद जाणं.
दुसरी: हळू पण जोराचा गियर, म्हणजे लो.
तिसरी: डावं आणि उजवं चाक एकमेकांना बांधणारं लॉक.

कुठल्या गाडीत तिन्ही असतात, कुठल्या गाडीत एकच. बॉनेटवरच्या नावावरून ते कळत नाही.

आधी चाक जागेवर का फिरतं ते पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावं लागतं. त्यासाठी दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. रस्त्यावर हे चांगलं. पण एक चाक गाळात गेलं की त्याला काही अडथळाच राहत नाही, ते गरगर फिरतं. घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही मग तेवढीच तोकडी ताकद मिळते, आणि ते उभं राहतं. म्हणजे फोर व्हील असूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक गाळात असेल, तर बाकीची दोन नुसती पाहत बसतात. इथं तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे लॉक.

*२) जीप आणि पिकअपच्या लिव्हरवरची अक्षरं*

थार, जिम्नी अशा गाड्यांत गियरच्या दांड्याशेजारी दुसरी लहान लिव्हर असते. काही गाड्यांत त्याऐवजी गोल खटका असतो. त्यावर इंग्रजीत असं लिहिलेलं असतं:

• *२ एच* – फक्त मागची दोन चाकं ओढतात. डांबरी आणि सिमेंटचा कोरडा रस्ता, तुमसरला बाजाराला जाणं-येणं, सगळं यातच.

• *४ एच* – चारही चाकं ओढतात, वेग नेहमीचा. पावसानं निसरडा झालेला पांदण रस्ता, ओला मुरूम, धुऱ्याकाठचा चिखल. चिखलात शिरण्याच्या *आधी* लावा, फसल्यावर नाही. चाकं सरळ असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वेगाच्या आत लावा.

• *एन* – मधली जागा. काही गाड्यांतच असते. लिव्हर इथं राहिली तर गाडी गियरमध्ये ठेवली तरी चाकं मोकळीच असतात. उतारावर गाडी आपोआप घरंगळते. हँडब्रेक ओढल्याशिवाय इथं लिव्हर आणू नका.

• *४ एल* – चारही चाकं, वेग अगदी कमी, जोर जास्त. चढावर भरलेली ट्रॉली ओढणं, खोल गाळातून हळू निघणं, घसरड्या उतारावर ब्रेक न मारता इंजिनाच्या जोरावर उतरणं. गाडी थांबवा, क्लच दाबा, मग लावा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये.

एक नियम पाठ करा: *कोरड्या डांबरी रस्त्यावर ४ एच आणि ४ एल नको.* यात पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण गियर, शाफ्ट आणि टायरवर येतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकते. आमच्या घरचा ट्रॅक्टर एक हंगाम फोर व्हील लावलेल्या स्थितीतच सडकेनं फिरला. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढचे टायर झिजून गुळगुळीत झाले तेव्हा बाबांना कळलं.

*३) एकच नाव, आत वेगवेगळा माल*

गाडी घ्यायला जाता तेव्हा नाव सांगू नका, व्हेरियंट विचारा. काही उदाहरणं:

• *थार* म्हटलं की फोर व्हील असं आपण समजतो. पण जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. दिसायला तीच, चिखलात वेगळी. फोर व्हील थारमध्येही मागचा डिफरन्शियल आपोआप लॉक होण्याची सोय वरच्या व्हेरियंटमध्ये असते, सगळ्यांत नाही.

• *जिम्नी* जून २०२३ मध्ये बाजारात आली ती दोन व्हेरियंटमध्ये, आणि दोन्हींत २ एच, ४ एच, ४ एल आहे. महाग व्हेरियंटमध्ये जास्त मिळतं ते स्क्रीन, चाकं, दिवे वगैरे. चिखलासाठी स्वस्त व्हेरियंटही तेवढंच कामाचं.

• *स्कॉर्पिओ-एन* आणि *थार रॉक्स* या दोन्ही बाजारात आल्या तेव्हा फोर व्हील फक्त डिझेलमध्ये होतं, तेही ठरावीक व्हेरियंटमध्ये. स्कॉर्पिओ-एनच्या फोर व्हील प्रकारात गवत-गिट्टी, चिखल आणि वाळू असे वेगवेगळे मोड आहेत. हे मोड नवीन ताकद देत नाहीत. चाक किती घसरू द्यायचं, घसरणाऱ्या चाकाला ब्रेक कधी लावायचा, रेसला इंजिनानं किती लवकर ऐकायचं, एवढंच ते बदलतात. चिखलाचा मोड चाकाला थोडं जास्त फिरू देतो, म्हणजे टायरमध्ये भरलेला गाळ झटकला जातो.

• याच गाडीच्या डिझेलमध्ये *झिप, झॅप, झूम* असेही मोड येतात. त्यांचा चिखलाशी काही संबंध नाही. इंजिन किती जोमानं चालवायचं, तेवढ्यापुरते ते आहेत. दोन चाकांच्या गाडीतही असतात. "मोड आहेत" ऐकून फसू नका.

• *गुरखा* गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलला ड्रायव्हरनं स्वतः लावायचं लॉक असतं. ताकद मोठी, पण कधी लावायचं आणि कधी काढायचं हे माहीत असलं तरच.

आणि कुठलीही फोर व्हील *थांबते* मात्र दोन चाकांच्या गाडीएवढ्याच अंतरात. निघायला मदत होते, ब्रेकला नाही. नाल्यावरून पाणी वाहत असेल तर फोर व्हीलच्या भरवशावर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडी उचलू शकतं. चाक जमिनीलाच टेकलं नाही तर मोड काय करणार?

*४) ट्रॅक्टरचं फोर व्हील*

ट्रॅक्टरमध्येही तेच. स्वराज ८५५ एफई, जॉन डिअर ५३१०, कुबोटा एमयू ४५०१ ही मॉडेलं टू व्हीलमध्येही मिळतात आणि फोर व्हीलमध्येही. भाड्यानं बोलवताना नुसतं मॉडेल विचारू नका. ओळखणं सोपं आहे: पुढच्या टायरला मागच्यासारखे उंच आडवे ठोकळे असतील तर फोर व्हील, नुसत्या गोल रेघा असतील तर टू व्हील.

वापरताना:

• फोर व्हील लावताना ट्रॅक्टर थांबवा, क्लच पूर्ण दाबा, मग लिव्हर ओढा. बांधीतून सडकेवर आलात की काढा.

• पुढचा टायर बदलताना कंपनीनं सांगितलेलंच माप घाला. पुढची लहान चाकं आणि मागची मोठी चाकं यांचा हिशोब गियरमध्ये पक्का बसवलेला असतो. मापात फरक पडला की पुढचा एक्सल सतत ताणात राहतो.

• *डिफरन्शियल लॉक:* चाक जोरात फिरत असताना दाबू नका. रेस कमी करा, चाक थांबू द्या, पेडल दाबा, मग हळू क्लच सोडा. सरळच चला. वळायच्या आधी सोडा. लॉक लागलेला ट्रॅक्टर वळत नाही, आणि जबरदस्ती केली तर गियर तुटतात.

• बांधीत वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा करता, बरोबर. पण सडकेवर येण्याआधी दोन्ही पेडल खिट्टीनं जोडा. भरधाव असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर उलटतो.

*५) बांधीच्या तळाकडे पाहा*

आता माझ्या विषयाकडे येते. आपल्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी धानाच्या बांधीत पाणी उभं राहतं ते खालच्या टणक थरामुळे. वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं हा थर तयार होतो. तो घागरीच्या बुडासारखा आहे. फसलेलं चाक रेस देऊन फिरवत राहिलात की ते हा थर फोडून खाली जातं. ट्रॅक्टर निघतो, पण तिथं पाणी झिरपायला लागतं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परत फसतं. मोरांड-कन्हारात हे जास्त होतं. बर्डीत चाक फसत नाही, पण तिथं पाणीही टिकत नाही.

म्हणून चिखलणीला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर हवा असं नाही. लहान बांधीत हलका फोर व्हील चांगला चालतो. महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हे २४ एचपीच्या आसपासचे ट्रॅक्टर आहेत. (ही जाहिरात नाही, वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.) नांगरटीसाठी टायरमध्ये पाणी भरलं असेल, लोखंडी वजनं लावली असतील, तर चिखलणीआधी काढा. कोरड्या जमिनीत वजन पकड देतं, गाळात तेच वजन खाली ओढतं.

*६) तरी फसलाच तर*

१. चाक जागेवर फिरलं की *लगेच थांबा*. प्रत्येक फेऱ्याला खड्डा खोल होतो.
२. पीटीओ बंद करा, रोटाव्हेटरचं वजन ट्रॅक्टरवरून उतरवा. जमलं तर सोडून ठेवा.
३. चाकापुढचा-मागचा गाळ फावड्यानं काढा. डिफ लॉक दाबा आणि *मागे* घ्या. ज्या वाटेनं आत गेलात ती वाट दाबलेली असते, आणि रिव्हर्समध्ये तोंड उचलण्याचा धोका कमी असतो.
४. *मागच्या चाकाला ओंडका, बांबू, साखळी बांधू नका.* चाक अडलं की ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरतो आणि मागे उलटतो. पाय क्लचवर पोचायच्या आत होतं हे.
५. पोरांना वजनासाठी बॉनेटवर बसवू नका.
६. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढताना दोर खालच्या ड्रॉबारलाच लावा, वरच्या टॉप लिंकच्या जागी कधीच नाही. दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. तुटलेला वायररोप माणूस कापतो.

*७) या आठवड्यातलं काम*

चिखलणी सुरू व्हायच्या आधी एकदा ट्रॅक्टर अंगणात उभा करा. फोर व्हीलची लिव्हर कोणती, लो कुठं, डिफ लॉकचं पेडल कुठं, ते हात लावून पाहा. पेडल गंजून बसलं असेल तर आताच मोकळं करून घ्या. भाड्याचा ट्रॅक्टर येणार असेल तर ड्रायव्हरला चहा पाजताना सहज विचारा, "डिफ लॉक दाखवा बरं." दाखवता आलं तर बांधीत घाला.

ज्यांना लिव्हरवरची अक्षरं कळत नाहीत त्यांनी फोटो काढून याच नंबरवर पाठवा. मी पाहून उत्तर देईन. लाजू नका. त्या दिवशी धुऱ्यावर उभ्या असलेल्या आम्हा सातआठ जणांपैकीही कुणाला ते पेडल माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. घरी येऊन बाबांच्या ट्रॅक्टरचं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं.

पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे असताना रोवणी व्हावी, ट्रॅक्टर बांधीतून सरळ निघावा आणि चालवणारा संध्याकाळी घरी जेवायला यावा. एवढंच.

आपली,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, नाकाडोंगरी