विश्लेषण : ओस पडलेली ऐतिहासिक चर्च आगीत वाचत का नाहीत? गॅरीच्या ‘सिटी मेथडिस्ट’चा धडा काय?

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील गॅरी शहरात ऑक्टोबर १९९७ मध्ये मोठी आग लागली. शहराच्या मध्यवस्तीतील अनेक इमारतींसोबत ‘सिटी मेथडिस्ट’ हे नऊ मजली उंचीचे चर्चही तिच्या भक्ष्यस्थानी पडले. तिथली शेवटची प्रार्थना होऊन तेव्हा २२ वर्षे झाली होती. आज तिथे दगडी भिंती, रिकाम्या कमानी आणि प्रार्थनागृहात उगवलेली झाडे दिसतात. हे चर्च आगीत गेले, असे म्हटले जाते. पण रिकाम्या ऐतिहासिक वास्तूंच्या आगींमागचे शास्त्र पाहिले, तर ते त्याच्या बरेच आधी हातचे गेले होते, असे दिसते.

सिटी मेथडिस्ट इतके महत्त्वाचे का होते?

गॅरी हे पोलादाचे शहर. ‘यूएस स्टील’ कंपनीने १९०६ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी ते वसवले आणि कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे नाव त्याला दिले. विल्यम ग्रँट सीमन या धर्मगुरूंना या नव्या कामगार शहरात केवळ रविवारी उघडणारे चर्च नको होते. आठवडाभर लोकांची ये-जा राहील, असे केंद्र त्यांना उभारायचे होते. १९२६ मध्ये हे चर्च खुले झाले. खर्च आला सुमारे १० लाख डॉलर आणि त्यातील जवळपास निम्मा वाटा यूएस स्टीलने उचलला. गॉथिक शैलीतील प्रार्थनागृहाला जोडूनच नाट्यगृह, व्यायामशाळा आणि कार्यालये होती. नाट्यगृहाला पुढे ‘सीमन हॉल’ हे नाव मिळाले.

१९५० च्या दशकात चर्चची सदस्यसंख्या तीन हजारांच्या घरात होती. मध्य-पश्चिम अमेरिकेतील मोठ्या मेथडिस्ट चर्चमध्ये त्याची गणना होत असे.

मग ते ओस का पडले?

चर्च पोलादावर उभे राहिले आणि पोलादासोबतच खचले. १९६० मध्ये गॅरीची लोकसंख्या १ लाख ७८ हजार होती. पुढे कारखान्यातील हजारो नोकऱ्या गेल्या. १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर महापौरपदी निवडून आले. मोठ्या अमेरिकी शहराचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांपैकी ते एक. याच काळात श्वेतवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांकडे निघून गेली. चर्चचे सदस्य मुख्यतः याच कुटुंबांतले होते.

१९७३ पर्यंत सदस्यसंख्या साधारण सव्वातीनशेवर आली आणि त्यातले नियमित येणारे आणखी कमी होते. एवढ्या माणसांच्या देणगीत नऊ मजली वास्तू तापवणे, दुरुस्त ठेवणे आणि राखणे शक्य नव्हते. दुसरा धर्मपंथ किंवा संस्था ती घेईल का, याची चाचपणी झाली. पण एवढा खर्च पेलणारे कोणी पुढे आले नाही. १९७५ मध्ये चर्च बंद झाले. त्यानंतर इमारतीत येणारे दोनच, चोर आणि पाऊस.

२०२० च्या जनगणनेत गॅरीची लोकसंख्या ६९ हजारांवर आली होती. म्हणजे ज्या शहरासाठी चर्च बांधले, त्यातला निम्म्याहून अधिक माणूस आता तिथे नाही.

जुन्या चर्चमध्ये आग इतक्या झपाट्याने का पसरते?

याचे पहिले कारण बांधणीत आहे. निवासी इमारतीत भिंती, दारे आणि मजले आगीला टप्प्याटप्प्यावर अडवतात. चर्चचे प्रार्थनागृह म्हणजे एकच प्रचंड पोकळी. तापलेली हवा आणि धूर थेट छताकडे जातात. मनोरा असेल तर तो धुराड्यासारखे काम करतो.

दुसरे कारण छतातच असते. अनेक जुन्या चर्चमध्ये आतून दिसणारे छत आणि बाहेरचे छप्पर यांच्यामध्ये लाकडी सांगाडा असतो. ही जागा कोरडी, हवेशीर आणि नजरेआड असते. जाड तुळई तुलनेने सावकाश जळते. पाइनसारख्या लाकडासाठी अभियंते मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर जळण्याचा दर धरतात. पण तुळयांवरच्या पातळ फळ्या आणि पट्ट्या लवकर पेटतात आणि आग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेतात.

तिसरी अडचण गमतीची वाटेल, पण ती जीवघेणी आहे. छप्पर पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेले असते. त्यामुळे बाहेरून मारलेले बंबाचे पाणीही वरून ओघळून जाते आणि आतल्या आगीपर्यंत पोहोचत नाही.

इमारत रिकामी असल्याने काय फरक पडतो?

सर्वात मोठा फरक वेळेचा. अग्निशास्त्रात वाढत्या आगीचे गणित मांडताना उष्णतेचे प्रमाण वेळेच्या वर्गानुसार वाढते, असे धरतात. म्हणजे पाच मिनिटांनी आग जितकी उष्णता बाहेर टाकते, त्याच्या चौपट ती दहा मिनिटांनी टाकते आणि वीस मिनिटांनी सोळापट. वापरात असलेल्या इमारतीत कोणाला तरी धुराचा वास येतो. रिकाम्या इमारतीत बहुतेक वेळा रस्त्यावरच्या माणसाला छतातून ज्वाळा दिसतात, तेव्हाच फोन जातो.

बाकीच्या गोष्टी याच वेळेत भर घालतात. वीज तोडलेली असते, त्यामुळे अलार्म बंद. तांब्याच्या तारा आणि नळ चोरीला गेलेले असतात, त्यामुळे आतली पाण्याची व्यवस्था निकामी. फुटलेल्या खिडक्यांतून आगीला हवा मिळते. गळतीने प्लॅस्टर पडते आणि त्यामागचे लाकूड उघडे होते. एरवी हेच प्लॅस्टर ज्वाळांना काही काळ रोखते. शिवाय कबुतरांची घरटी, सुकलेला पाला आणि टाकून दिलेले सामान आयते जळण पुरवतात.

त्यामुळे ठिणगी कोणी टाकली, हा प्रश्न पोलिसांसाठी महत्त्वाचा असला, तरी वास्तू का वाचली नाही याचे उत्तर त्यात मिळत नाही.

अग्निशमन दल आत का जात नाही?

३ डिसेंबर १९९९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसे अडकली असावीत, या समजुतीने जवान आत शिरले. ती माणसे आधीच बाहेर पडली होती. खिडक्या नसलेल्या त्या चक्रव्यूहात धुराने वाट हरवली आणि सहा जवानांचा मृत्यू झाला. २०१० मध्ये शिकागोत एका बंद लाँड्रीच्या आगीत छत कोसळून दोन जवान गेले. त्यानंतर शिकागोत धोकादायक रिकाम्या इमारतींवर लाल पाटीवर ‘एक्स’ अशी खूण लावली जाऊ लागली.

या खुणेचा अर्थ सरळ आहे. आत कोणी अडकल्याची ठोस माहिती नसेल, तर शिरू नका. बाहेरून पाणी मारा आणि शेजारच्या इमारती वाचवा. कुजलेली जमीन, सैल झालेल्या तुळया आणि माहीत नसलेले खड्डे यांच्यापुढे हाच निर्णय योग्य असतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की वास्तू सोडून दिलेली असते.

पॅरिसचे नोत्र दाम याच्या नेमके उलट. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तिथेही सुरुवातीला चुकीच्या जागी शोध घेण्यात सुमारे अर्धा तास गेला आणि शिखर कोसळले. तरीही सुमारे ४०० जवान कामाला लागले. घंटांचा मनोरा कोसळू नये म्हणून काही जण जीव धोक्यात घालून आत गेले. पुढे ८० कोटी युरोहून अधिक देणग्या जमल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. नोत्र दामचे छतही लाकडाचेच होते. फरक इतकाच की ती वास्तू कोणाची तरी होती.

छत गेल्यावर उरलेल्या भिंती टिकतात का?

दगड जळत नाही, पण आगीतून तो सुखरूपही सुटत नाही. खूप तापलेल्या चुनखडीच्या दगडाची रचना बदलून तो ठिसूळ होतो. तापलेल्या दगडावर एकदम गार पाणी पडले, तर तडे जातात. पोलादी आधार असेल, तर साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियसला त्याची ताकद निम्म्यावर येते.

छत भिंतींना वरून बांधूनही ठेवते. ते गेले की उंच भिंत वाऱ्यासमोर एकटी उभी राहते. पाणी तिच्या माथ्यातून आत मुरते, चुन्याचा दर्जा धुऊन निघतो आणि थंड प्रदेशात ते पाणी गोठून सांधे फोडते. पुण्याच्या शनिवारवाड्यातही १८२८ च्या आगीनंतर लाकडी महाल गेले, जोती आणि तटबंदी राहिली. अवशेष टिकतात, पण त्यांनाही राखणदार लागतो.

विमा आणि मालकीचा पेच काय?

अमेरिकेतील व्यावसायिक मालमत्तेच्या प्रचलित विमा पॉलिसींमध्ये इमारत सलग ६० दिवसांहून अधिक काळ रिकामी असेल, तर चोरी, तोडफोड, पाणीगळती अशा नुकसानीची भरपाई मिळत नाही. आगीसारख्या इतर नुकसानीची भरपाईही १५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जोखीम वाढते त्याच वेळी संरक्षण आटते. मालकाकडे दुरुस्तीला पैसा नसतो, पाडायचे तर तोही मोठा खर्च, आणि विकायचे तर गिऱ्हाईक नाही. मग काहीच न करणे सर्वात स्वस्त ठरते. सिटी मेथडिस्टच्या बाबतीत हे ‘काहीच नाही’ २२ वर्षे चालले.

यावर उपाय आहे का?

आहे, आणि तो फारसा खर्चिकही नाही. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने १९९३ मध्येच रिकाम्या ऐतिहासिक इमारतींसाठी ‘मॉथबॉलिंग’ची मार्गदर्शिका काढली. लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात, तसे इमारतीला पुढच्या वापरापर्यंत जपून ठेवणे, ही त्यामागची कल्पना. आधी इमारतीची नोंद करा, छत आणि पन्हळी दुरुस्त करा, जळाऊ सामान बाहेर काढा, दारे-खिडक्या बंद करा पण हवा खेळती ठेवा, आगीचा अलार्म चालू ठेवा आणि कोणीतरी ठरावीक दिवशी फेरी मारा. यातले शेवटचे काम सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी विसरले जाणारे.

ब्रिटनमध्ये १९६९ पासून एक न्यास वापरातून गेलेली ऐतिहासिक चर्च सांभाळतो. आज त्याच्याकडे साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे जुन्या डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान चालते. तिथे प्रार्थना होत नाही, पण रोज दिवे लागतात आणि माणसे येतात. आगीच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कलाकार आणि रसिक तिथे जमले आणि पुनर्बांधणीची मागणी झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील ती वास्तू वापरात होती, म्हणून तिच्यासाठी रडणारे होते. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ परिसरात सोळाव्या शतकातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या साथीनंतर वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडले. तिथे आगीची गरजच लागली नाही; छत नाहीसे करायला पावसाळे पुरले.

गॅरीत आता काय?

जळालेल्या सिटी मेथडिस्टमध्ये ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (२०१०) आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स : डार्क ऑफ द मून’ या चित्रपटांचे चित्रीकरण झाले. जगभरातून छायाचित्रकार तिथे येतात. २०१७ मध्ये नाइट फाउंडेशनने गॅरी शहराला सुमारे १ लाख ६३ हजार डॉलरचे अनुदान दिले. ते चर्च पुन्हा उभे करण्यासाठी नव्हते. अवशेष सुरक्षित करून तिथे उद्यान करता येईल, अशी ती योजना होती.

१० लाख डॉलर खर्चून बांधलेल्या वास्तूसाठी मागायचे उरले ते एवढेच. १९७५ मध्ये दार बंद झाले, तेव्हा छत शाबूत होते आणि पर्याय अनेक होते. १९९७ च्या आगीनंतर अवशेष ठेवायचे की पाडायचे, हे दोनच उरले. म्हणून एखाद्या जुन्या वास्तूला कुलूप लागते, तेव्हाच विचारायला हवे की किल्ली कोणाकडे आहे आणि पुढची फेरी कधी होणार आहे.