वारा, पत्रे आणि भिंतीतली ओल

वादळात पत्रे उडाले असे आपण सहज म्हणतो. पण वारा तर आडवा वाहतो. मग पत्रा आडवा न सरकता वर का जातो?

आपल्या खानदेशात समुद्री चक्रीवादळ पोचते तेव्हा बहुधा त्याचा जोर ओसरलेला असतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर भागांत घरांची कौले-पत्रे उडाली. पुढे ते क्षीण होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकले. आपला खरा शत्रू म्हणजे मे-जूनमधला वळीव. उंच ढगातून थंड हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. हा खेळ अर्ध्या तासाचा, पण तेवढ्यात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात आणि पाचोऱ्यासारख्या गावात पत्रे रस्त्यावर येतात.

आता थोडे गणित करू. छपरावरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि कडेपाशी ती पत्र्यापासून सुटून भोवरे करते. दोन्हींमुळे पत्र्याच्या वरचा दाब कमी होतो. आतला दाब मात्र तसाच असतो, म्हणून पत्रा वर ढकलला जातो. हा दाबातला फरक ढोबळमानाने हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, एवढा असतो. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरा. वारा ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असेल, तर उत्तर येते चौरस मीटरला २४० न्यूटन, म्हणजे सुमारे २४ किलो वजनाइतका जोर. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम ४ किलो! वेग ताशी १०८ किलोमीटर झाला की हाच जोर ५४० न्यूटन होतो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर हा जोर जवळजवळ ५०० किलो भरतो.

हे आकडे हाती असले की पत्र्यावर दगड ठेवण्याच्या रिवाजाचा हिशेब सोपा होतो. पाच-पाच किलोंचे वीस दगड ठेवले तरी भार फक्त १०० किलो. पत्र्याची कड उचलली गेली की तेच दगड घरंगळत खाली झोपलेल्या माणसांवर येतात. माझ्या मते दगड हा उपाय नसून दुसरे संकट आहे. पत्रा हुकबोल्टने अँगलला घट्ट धरलेला हवा. कडेला आणि कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त असल्याने तिथे बोल्ट दाट हवेत. आणि तो अँगल? तो भिंतीवर नुसता टेकवलेला असेल तर पत्रा अँगलसकट उडेल. बहुतेक ठिकाणी साखळीची हीच कडी कच्ची असते, म्हणून उन्हाळ्यातच वर चढून पाहावे.

दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होतो, असे काही जण सांगतात. ऐकू नका. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी राहिली तर हवा आत शिरून छपराला खालून आणखी रेटते. सगळी दारे-खिडक्या लावून घ्यावीत, वाऱ्याच्या बाजूची तर आधी.

जुन्या धाब्याच्या घरांना ही भीती नाही. मातीच्या जाड थरापुढे वारा हतबल असतो. मात्र संततधारेत तीच माती पाणी पिऊन जड होते आणि वासे मोडतात. त्यांचा धोका वाऱ्याचा नव्हे, पाण्याचा.

पाण्याचा धोका पाहायचा तर शेजारच्या चाळीसगावचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि पाणी घरादुकानांत शिरले. पाणी ओसरते, चिखल निघतो, पण भिंतीतले पाणी तिथेच राहते. खडूचे एक टोक शाईत बुडवून उभा धरा. शाई आपोआप वर चढेल. हेच केशाकर्षण. म्हणून दोन फूट पाणी चढलेल्या भिंतीला ओल त्याहून वर दिसते.

ही ओल निघते कशी? एक वीट सहज अर्धा लिटर पाणी शोषते. भिंतीच्या भिजलेल्या भागात ३०० विटा धरल्या तर १५० लिटर पाणी झाले. एक लिटर पाण्याचे बाष्प करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. गुणाकार करा. ही जवळजवळ १०० युनिट विजेइतकी ऊर्जा झाली! ती हवेकडून हळूहळू मिळते, म्हणून भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात. घाईने तैलरंग दिला तर पाणी आत कोंडते आणि पोपडे सुटतात. चुना द्यावा. त्यातून बाष्प बाहेर पडते, आणि तो अल्कधर्मी असल्यामुळे बुरशीला मानवत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना हवी असते फक्त ओल. गाद्या, कपडे, पुस्तके, पुठ्ठे यांवर त्या एक-दोन दिवसांतच रुजू लागतात, म्हणून आधी या वस्तू बाहेर काढायच्या. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ओढा, कारण त्यामागची हवा हलत नाही. पंखा लावाच, पण भिजलेली बटणे आणि तारा वायरमनने तपासल्यानंतर.

खिडक्या केव्हा उघडाव्यात? दोन तापमापी घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. ते वाऱ्यावर धरून कोरडा ३० आणि ओला २५ अंश दाखवत असेल, तर बाहेरची सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास आहे. खिडक्या सताड उघडा. कोरडा २७ आणि ओला २६ असेल तर आर्द्रता ९० टक्क्यांवर आहे. अशा हवेत भिंत फारशी सुकणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग शिक्षकांनी जरूर करून घ्यावा.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, बीजाणू उडून श्वासात जातात. नाकातोंडाला फडके बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने ती पुसावी.

धान्याची गोष्ट मात्र वेगळी. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा भागांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. कारण होते अफ्लाटॉक्सिन, एका जातीच्या बुरशीचे विष. धुऊन, उन्हात घालून बुरशी दिसेनाशी होते, पण विष जात नाही. शिजवूनही ते पुरते नष्ट होत नाही. भिजलेला मका किंवा भुईमूग बुरशी येण्याआधी पातळ पसरून कडक वाळवला तर ठीक. एकदा बुरशी आली की तो स्वतः खाऊ नये आणि गुरांनाही घालू नये.