न दिसलेल्या ठिपक्याची साक्ष

म्हैसूरला हळदीच्या रसायनशास्त्राची परंपरा जुनी आहे. तिथल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतले व्ही. एस. गोविंदराजन यांनी १९८० साली हळदीचं रसायन, प्रक्रिया आणि प्रत यांवर सविस्तर आढावा लिहिला. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनची रचना त्याआधी सत्तर वर्षं, १९१० मध्येच ठरली होती, आणि तीही एनएमआरशिवाय, म्हणजे अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद मोजणाऱ्या यंत्राशिवाय. दूरच्या बंधांवरचं कपलिंग (अणुकेंद्रांचा बंधांमधून होणारा परस्परप्रभाव) शोधणारं एनएमआर तंत्र पारखायला हा रेणू म्हणूनच सोयीचा. उत्तर आधीच हातात असल्याने यंत्र ते कसं काढतं आणि वाचणारा कुठे फसतो, दोन्ही उघडं दिसतं.

कर्क्युमिनमध्ये २१ कार्बन आहेत, पण रेणूचे दोन्ही अर्धे सारखे असल्याने वर्णपटात रेषा उमटतात अकराच. प्रत्येक अर्ध्यात बेंझिनचं एक कडं, आणि त्यावर शेजारी-शेजारी एक मेथॉक्सी आणि एक हायड्रॉक्सिल. डीएमएसओ या द्रावकात त्या दोन कार्बनांच्या रेषा साधारण १४८.० आणि १४९.३ पीपीएमवर येतात. यातली मेथॉक्सीची कोणती? दोघांवरही हायड्रोजन नाही, त्यामुळे थेट बंध दाखवणारा एचएसक्यूसी इथे गप्प बसतो. मग एचएमबीसी लावायचा. बॅक्स आणि समर्स यांनी १९८६ मध्ये मांडलेला हा प्रयोग हायड्रोजनाची खूण दोन-तीन बंधांपलीकडच्या कार्बनापर्यंत पोहोचवतो, आणि तो संबंध आलेखावर ठिपका म्हणून उमटतो. थेट बंधाचं कपलिंग सव्वाशे ते पावणेदोनशे हर्ट्झचं, ते गाळणी लावून दाबायचं. दूरचं जेमतेम दोन ते दहा हर्ट्झ. इतकं मंद कपलिंग उमलायला वेळ द्यावा लागतो. ८ हर्ट्झ गृहीत धरले तर ६२.५ मिलिसेकंदांचा विलंब. हा आकडा यंत्र सांगत नाही, माणूस निवडतो. आणि माझा सगळा मुद्दा या निवडीभोवती आहे.

मेथॉक्सीचे हायड्रोजन १४८.० वर ठिपका देतात. कड्यावरच्या ६.८ पीपीएमच्या हायड्रोजनाचा ठिपकाही १४८.० वरच पडतो, तर कड्यावरचे उरलेले दोन हायड्रोजन १४९.३ कडे बोट दाखवतात. आता ठिपका म्हणजे लगतचा शेजारी असं धरून चाललं, तर ६.८ च्या हायड्रोजनालगत मेथॉक्सी बसते आणि रचना नेमकी उलटी होते. बेंझिनच्या कड्यात तीन बंधांपलीकडचं कपलिंग सात-आठ हर्ट्झ असतं, दोन बंधांचं एखाद्या हर्ट्झचं. म्हणजे जवळचा मुका आणि त्याच्या पलीकडचा बोलका. ८ हर्ट्झसाठी ठेवलेल्या विलंबात २ हर्ट्झचं कपलिंग फार तर ३८ टक्के उमलतं, १ हर्ट्झचं त्याच्याही निम्मं. तेव्हा ठिपका नाही याचा अर्थ संबंध नाही असा होत नाही. या विलंबात दिसला नाही, एवढाच होतो. त्यात कार्बनाच्या अक्षाची कंजुषी. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर त्या दोन रेषांमधलं अंतर १३० हर्ट्झ. २२० पीपीएमची खिडकी २५६ पायऱ्यांत मोजली तर एक पायरीच ८६ हर्ट्झची होते. दीड पायरीच्या फरकावर रचना ठरवणं धाडसाचंच. (उलटा चकवाही आहे. कर्क्युमिनच्या बिनमेथॉक्सी भावंडात, बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिनमध्ये, हायड्रोजनाचा ठिपका स्वतःच्याच कार्बनावर पडल्यासारखा भासतो. तो गाळणीतून निसटलेला थेट बंध नव्हे. समोरच्या जुळ्या कार्बनाशी असलेलं तीन बंधांचं खरं कपलिंग आहे. निसटलेला असता तर १६० हर्ट्झच्या आसपास फुटून त्याची जोडी दिसली असती.)

यावर नव्या प्रयोगांचं नाव पुढे केलं जातं. एचटूबीसी फक्त दोन बंधांचे संबंध दाखवतो, हे खरं. पण तो हायड्रोजन-हायड्रोजन कपलिंगच्या वाटेने जातो, म्हणून बिनहायड्रोजनाच्या कार्बनाशी अडतो, आणि आपला प्रश्न तिथलाच आहे. एलआर-एचएसक्यूएमबीसी चार-पाच बंधांपर्यंत पोहोचतो, पण जितकं दूर दिसतं तितकं हा ठिपका किती बंधांचा, हे कोडं वाढतं. अधिक वजनदार आक्षेप वेळेचा आहे. २५६ पायऱ्या, दर पायरीला आठ स्कॅन, स्कॅनला दोन सेकंद: तासाहून अधिक. बाहेर नमुन्यांची रांग असताना दुसऱ्या विलंबासाठी यंत्र पुन्हा कोण अडवणार? तक्रार रास्त आहे. पण पायऱ्यांमधल्या निवडक मोजून उरलेल्या गणिताने भरून काढण्याची सोय आता आहे, आणि वाचलेल्या वेळात १२५ मिलिसेकंदांच्या विलंबाचा दुसरा प्रयोग बसतो. पी हळद अन् हो गोरी हा बाणा हळदीच्याच रेणूला लागू पडत नाही.

म्हणून शोधनिबंध लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना एकच विनंती. एचएमबीसीचा तक्ता छापताना विलंब किती ठेवला आणि कार्बनाच्या अक्षावर पायऱ्या किती घेतल्या, हे त्याखाली लिहा. आणि ज्या निष्कर्षाचा आधार केवळ न दिसलेला ठिपका आहे, तो दुसऱ्या विलंबावर पडताळल्याशिवाय स्वीकारू नका.