नाताळ: तारखेपलीकडचा जन्म

१५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या मूळच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्यातले पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातून पुढे सरकते आणि येशूचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. नाताळ हा केवळ एका थोर पुरुषाचा वाढदिवस असता, तर एवढी प्रदीर्घ पूर्वपीठिका कशाला लागली असती? ख्रिस्ती श्रद्धेत तो पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेल्या वचनाची पूर्तता आहे. देव स्वतः माणूस झाला, आणि तोही कसा? लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा न मिळालेले बाळ बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले आहे, आणि पहिली वार्ता पोहोचते ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. वसईतल्या ख्रिस्ती घरांत आजही गोठ्याचा देखावा उभारतात, तो याच प्रसंगाचा.

‘बायबलमध्ये २५ डिसेंबर कुठे आहे?’ हा आक्षेप खराच आहे. या तारखेचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा चौथ्या शतकातल्या रोममधला, आणि आर्मेनियन चर्च तर जन्मोत्सव ६ जानेवारीला साजरा करते. पण श्रद्धेचा भार तारखेवर कधी नव्हताच. हा आपल्याकडच्या अवतारांसारखाच एक अवतार, असेही कुणी म्हणेल. साम्य आहेच; मात्र ख्रिस्ती धारणेत हे एकदाच घडते, आणि गव्हाणीतल्या या बाळाला पुढे क्रुसावरचे मरण चुकत नाही.