हाड की लाकूड?

रील्समध्ये कधीतरी दिसली असेल. एक टणक उशी, तिच्यावर टोचलेल्या टाचण्या आणि दोऱ्यांना लटकणाऱ्या वीस-पंचवीस बारीक दांड्या. ही बॉबिन लेस. शिलाई मशीनमधली बॉबिन इथे विसरा. इथली बॉबिन म्हणजे पेन्सिलीएवढी दांडी, मानेला दोरा गुंडाळलेली. जोड्या एकमेकींवरून टाकायच्या, पीळ द्यायचा, टाचणी लावायची. हळूहळू जाळी उमटते.

शिकायचं ठरवलंत की पहिला प्रश्न, बॉबिन्स लाकडाच्या घ्यायच्या की हाडाच्या?

हाडाच्या दिसायला भारी आणि वजनालाही भारीच. खरी गोम वजनातच आहे, कारण दोऱ्याला ताण देते ती बॉबिन. एकाच उशीवर काही जड, काही हलक्या झाल्या की ताण कमीजास्त होतो आणि जाळी वाकडी येते. इंग्लंडच्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशरमध्ये दोन्ही प्रकार वापरात होते. टोकाला मण्यांची कडी असायची, वजनासाठी आणि बॉबिन घरंगळू नये म्हणून. डेव्हनमधल्या हॉनिटन लेसमध्ये मात्र बॉबिन बारीक फासातून ओढून काढावी लागते. मणी अडकणारच! म्हणून तिथे टोकदार, गुळगुळीत, हलकं लाकूड.

मग हाडाचं एवढं कौतुक का? त्यावर लिहिता यायचं. बारीक भोकं पाडून, त्यात रंग भरून अक्षरं उमटवत. 19व्या शतकातल्या या बॉबिन्सवर नावं आहेत, ‘अंगठी घेऊन टाक आता’ अशा अर्थाचे लाडिक टोमणेही आहेत. 1860मध्ये बेडफर्डला फाशी गेलेल्या जोसेफ कॅसलचं नाव असलेल्याही आहेत. (त्या काळचं मर्च म्हणा हवं तर.) लेस श्रीमंतांच्या कपड्यांवर जायची. ती विणणाऱ्या पोरी पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून लेस शाळेत बसायच्या, पोटासाठी. नाव कोरलेली बॉबिन तेवढी त्यांच्याकडे राहायची.

तरी सुरुवात लाकडानेच करा. स्वस्त पडतं, आणि एकसारख्या वजनाच्या बऱ्याच बॉबिन्स एकदम घेता येतात. गुरांचं हाड हातात धरायला नको वाटत असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. आणि पुढे कधी हाडाची घेतलीत, तर एक घेऊ नका, जोडीच घ्या. उशीवर सुटी बॉबिन कामाची नसते.