गेमिंगचा कॉम्प्युटर जोडताय? एसएमपीएसवर पैसे वाचवू नका
बर्डीच्या दुकानात पोट्टे आधी ग्राफिक्स कार्डाचाच भाव विचारतात. बजेट कमी असेल तर कार्ड सध्या राहू द्या. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट, जीटीए ५ त्यावर चालतात. रॅम मात्र १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. ग्राफिक्सही तीच रॅम वापरते, दोन पट्ट्यांनी वेग वाढतो.

खरी काटकसर नडते एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटसोबत मिळणारा स्वस्तातला डबा नकोच. गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, लाइन येते-जाते. असा डबा जळाला तर मदरबोर्डही घेऊन जातो. ८० प्लस लिहिलेला, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या, पुढे कार्डही लावता येईल. घरची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, म्हणून कॅबिनेट समोरून जाळीचे बघा, काचेचे नको.