उतरणीची तयारी

चातुर्मास संपतो आणि कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याच्या शत्रुंजय गिरिराजाची यात्रा पुन्हा सुरू होते. पायथ्यापासून शिखरापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. दिवाळीचा हंगाम आटोपलेला असतो, वहीपूजन झालेले असते आणि व्यापारी घरांत यात्रेचे बेत ठरू लागतात. घरातील ज्येष्ठांना विचारले जाते, ‘चढवेल ना?’ प्रश्न काळजीचा असतो, पण अर्धाच असतो. गिरिराजावर रात्री कोणी मुक्काम करीत नाही. जो चढतो, त्याला त्याच दिवशी उतरावेही लागते. यात्रेहून परतल्यावर दोन दिवसांनी घरचा जिना उतरताना मांडीत जी कळ येते, ती बहुधा चढणीची नसून उतरणीची असते. असे का होते, हे उमगण्यासाठी आपल्या पायाची रचना थोडी जाणून घ्यावी लागते.

एका पायरीचे काम

पायरी चढताना पाय प्रथम खुब्यापाशी उचलला जातो. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत सर्व दिशांना फिरतो. पाऊल वरच्या पायरीवर टेकले की काम बदलते. नितंबाचा मोठा स्नायू खुबा सरळ करतो आणि मांडीच्या पुढील बाजूचा चार भागांचा स्नायू गुडघा सरळ करून सारे शरीर वर उचलतो. खालच्या पायरीवर राहिलेल्या पायाची पोटरी टाच उचलून शेवटचा रेटा देते.

या कामात गुडघ्याची वाटी विहिरीवरच्या कप्पीसारखी उपयोगी पडते. मांडीच्या स्नायूची ओढ वाटीवरून पुढे नडगीच्या हाडापर्यंत पोहोचते. वाटीमुळे ती ओढ सांध्याच्या मध्यापासून थोडी दूर राहते आणि कमी बळात गुडघा सरळ होतो. मात्र वजन पेलत असताना गुडघा जितका अधिक वाकेल, तितकी ही वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. गुडघ्याच्या पुढील भागात दुखणाऱ्यांना जिना नकोसा वाटतो, त्याचे एक कारण हेच.

उतरताना काय घडते

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो; उतरताना त्यालाच लांबत लांबत भार धरून ठेवावा लागतो. वखारीत जड पोते दोराने खाली सोडताना हात दोर आवळून धरतो आणि धरतधरतच तो सैल करतो, तसेच हे काम आहे. यात दम फारसा लागत नाही, म्हणून उतरण सोपी भासते. पण लांबत असताना ताण सोसल्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्याची वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. ही वेदना काही दिवसांत शमते. त्याच कामाची सवय झालेल्या स्नायूला पुढच्या वेळी त्रासही कमी होतो.

भाराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पायरी चढताना तो तीन पटींच्या थोडा पुढे जातो आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास पोहोचतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पायरीला सुमारे दोनशे चाळीस किलोंचा भार येतो. मांडीचा स्नायू सशक्त असेल तर पाऊल अलगद टेकते. तो थकला की पाऊल धप्पकन पडते आणि तो हिसका सांध्याला बसतो.

गादीवरचा गुडघा

‘गुडघे झिजले’ असे आपण सहज म्हणतो. जणू वापरल्यानेच ते संपले. खरी गोष्ट थोडी निराळी आहे. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिला पोषण मिळते. चालताना कूर्चा दाबली जाते, सुटते, आणि ओल्या स्पंजाप्रमाणे द्रवाची देवघेव करते. म्हणजे माफक हालचाल हे तिचे अन्नच होय.

पेढीवर बसणाऱ्याचा दिवस याच्या उलट जातो. सकाळी गल्ला उघडल्यापासून रात्री हिशेब मिळेपर्यंत गुडघा वाकलेलाच असतो. सामायिक ४८ मिनिटांचे. गादीवरची बैठक कित्येकदा त्याच्या अनेक पट लांबते. पायातील रक्त हृदयाकडे ढकलणारी पोटरी स्वस्थ असल्याने संध्याकाळी पाय जड होतात. त्यातच चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात. मग एक दिवस गुडघा दुखतो, दुखतो म्हणून चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांडी आणखी दुबळी होते आणि गुडघा अधिकच दुखतो. हे चक्र ज्येष्ठांना प्रथम यात्रेपासून, मग मंदिराच्या पायऱ्यांपासून आणि अखेर घरच्या जिन्यापासूनही तोडते.

तयारी कशी करावी

स्नायूंना बळ येण्यास किमान दीड-दोन महिने लागतात. म्हणून यात्रेची तयारी चातुर्मासातच सुरू करावी. त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.

भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि चार-पाच अंक मोजत सावकाश बसावे. हे सावकाश बसणे म्हणजेच उतरणीचा सराव. आरंभी आठ-दहा वेळा पुरे. दर आठवड्याला थोडे वाढवावे. भिंतीला हात टेकवून टाचा उचलाव्यात आणि हळू टेकवाव्यात. घरच्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून कठडा धरून एकेक पाऊल हळू उतरवावे. दुकानात अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. आहारात मूग, मटकी, हरभरा, डाळी, दूध, दही यांचा पुरेसा वाटा असावा. वजन अधिक असेल तर ते उतरवण्याचा लाभ मोठा आहे. एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

प्रत्यक्ष उतरताना घाई नसावी. काठीचा आधार घ्यावा, थकवा येण्याआधीच बसावे. एक गुडघा दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा पाय आधी.

गुडघ्याला सूज येणे, तो मध्येच अडकणे किंवा अचानक दगा देणे ही लक्षणे असल्यास आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. लांबच्या प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर तेल चोळत न बसता त्वरित डॉक्टरांकडे जावे. हृदयविकार असणाऱ्यांनी चढणीविषयीही वैद्यकीय सल्ला घ्यावा.

इतके करूनही ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी डोलीत बसण्यात कमीपणा मानू नये. काहींना चढणे जमते, उतरणे जमत नाही. त्यांनी परतीपुरती डोली करावी. कुटुंबीयांनीही ज्येष्ठांना ‘चढवेल ना?’ एवढेच विचारून थांबू नये. यात्रेच्या दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत थोडे चालावे आणि घरचा जिना त्यांच्या गतीने, त्यांच्या बाजूने उतरावा.